आदेशाचा शेवटचा परिच्छेद

कोलोन शहरातल्या आपेलहोफप्लात्स या चौकात दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. एकीत कोलोनचं प्रशासकीय न्यायालय भरतं. सरकारी कार्यालयाने परवानगी नाकारली, परवाना रद्द केला किंवा निवासाची मुदत वाढवून दिली नाही, तर माणूस इथे दाद मागतो. दुसरी इमारत म्हणजे एल-डे हाउस. 1935 पासून गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, कोलोनमधलं मुख्यालय तिथे होतं. आज ते संग्रहालय आहे. तळघरातल्या कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी लिहिलेले आणि कोरलेले सुमारे 1,800 मजकूर जपून ठेवले आहेत.

या दोन इमारतींचा संबंध एका छोट्या कलमातून कळतो. 10 फेब्रुवारी 1936 च्या प्रशियाच्या गेस्टापो कायद्यातल्या सातव्या कलमाने गेस्टापोच्या आदेशांची तपासणी करण्याचा प्रशासकीय न्यायालयांचा अधिकार काढून घेतला. न्यायालयांना टाळं ठोकावं लागलं नाही. एका खात्यापुरती त्यांची नजर बंद केली आणि तेवढ्याने काम भागलं. युद्धानंतर 1949 मध्ये पश्चिम जर्मनीने नवी राज्यघटना लिहिली, तेव्हा अनुच्छेद 19 च्या चौथ्या परिच्छेदात नेमकी हीच वाट बुजवली. सार्वजनिक सत्तेने ज्याच्या हक्कांना बाध आणला, त्याला न्यायालयाचा मार्ग खुला असलाच पाहिजे, असं तिथे नमूद आहे.

अभ्यासाचा विषय अशा एखाद्या छोट्या कलमातूनही सापडू शकतो, पण आपल्याकडे एलएलएमला प्रशासकीय कायदा घेणारे विद्यार्थी लघुप्रबंधासाठी बहुधा ‘नैसर्गिक न्यायाची तत्त्वे: एक चिकित्सक अभ्यास’ अशा धाटणीचा विषय निवडतात. मग पाठ्यपुस्तकातलीच प्रकरणं नव्या क्रमाने लावली जातात, क्रैपक आणि मनेका गांधी या निकालांतले तेच उतारे येतात आणि निष्कर्षात कायदा अधिक प्रभावी व्हावा अशी शिफारस येते. हुशार मुलांचं एक वर्ष असं वाया जाताना पाहून वाईट वाटतं. तत्त्व शेवटी यावं. सुरुवात एखाद्या कार्यालयाने एखाद्या माणसाला पाठवलेल्या कागदापासून व्हावी.

कोलोनमधला असा कागद कसा असतो ते पाहा. समजा, तिथे शिकायला गेलेल्या सोलापूरच्या मुलीचा निवास परवान्याचा अर्ज फेटाळला गेला. पत्रात आधी निर्णय येतो, मग कारणं. सगळ्यात शेवटी, सहीच्या जवळ, एक वेगळा परिच्छेद असतो. या निर्णयाविरुद्ध एक महिन्याच्या आत दावा दाखल करता येईल असं सांगून त्यात न्यायालयाचं नाव आणि पत्ता दिलेला असतो. हा परिच्छेद वगळला किंवा चुकीचा लिहिला, तर प्रशासकीय न्यायालय प्रक्रिया कायद्याच्या 58 व्या कलमानुसार महिन्याची मुदत लागू होत नाही आणि दाव्यासाठी सर्वसाधारणपणे एक वर्ष मिळतं. चूक कार्यालयाची, म्हणून तिची किंमतही कार्यालयाने मोजायची. आणि अर्जावर काही उत्तरच आलं नाही तर? 75 वं कलम सांगतं की पुरेशा कारणाशिवाय निर्णय रखडला, तर साधारण तीन महिन्यांनंतर थेट दावा लावता येतो. या पहिल्या पायरीवर वकील नेमण्याची सक्ती नाही. वस्तुस्थिती शोधून काढणं हे न्यायालयाचं स्वतःचं काम मानलेलं आहे. मोठ्या प्रकरणांत तीन न्यायाधीशांच्या शेजारी दोन मानद न्यायाधीश बसतात, आणि ते सामान्य नागरिकांतून निवडलेले असतात.

दाद कुठे मागायची हे सांगणाऱ्या त्या शेवटच्या परिच्छेदावर महाराष्ट्रात उत्तम प्रबंध होऊ शकतो. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचा वाद घ्या. मंडळ अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर प्रांताकडे अपील, तिथून अपर जिल्हाधिकारी, पुढे आयुक्त, आणि शेवटी पुनरीक्षणासाठी मंत्रालय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 ची आहे आणि या पायऱ्या चढण्यात लोकांची हयात जाते. कोलोन ज्या राज्यात आहे, त्या नॉर्थ राईन-वेस्टफालियाने 2007 मध्ये उलट दिशा धरली. खात्याकडेच आधी हरकत नोंदवण्याची पायरी बहुतेक बाबतींत काढून टाकली आणि माणसाला सरळ न्यायालयाकडे पाठवलं. हे बरं की वाईट, यावर मतभेद आहेत. साधी चूक कार्यालयातच दुरुस्त होण्याची सोय त्यामुळे गेली, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण आपल्या चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर निर्णय खरोखर बदलतात आणि कोणत्या पायरीवर फक्त तारखा पडतात, हे एका तालुक्यापुरतं जरी कोणी मोजलं, तरी तो अभ्यास वाचायला महसूल खात्यालाही बसावं लागेल.

आपेलहोफप्लात्सच्या न्यायालयाकडे मोठे खटलेही येतात, कारण कोलोन आणि शेजारच्या बॉनमध्ये अनेक केंद्रीय कार्यालयं आहेत. संविधान संरक्षणाचं केंद्रीय गुप्तचर कार्यालय कोलोनमध्येच आहे. म्हणून एएफडी या पक्षाला ‘संशयित’ वर्गात ठेवता येईल का, हा प्रश्न इथे आला आणि 8 मार्च 2022 रोजी या न्यायालयाने कार्यालयाच्या बाजूने निकाल दिला. अभ्यासाला त्याहून सकस प्रकरण मला 5जी लिलावाचं वाटतं. 2019 च्या त्या लिलावातून सरकारला सुमारे 6.55 अब्ज युरो मिळाले. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने लिलावाच्या अटी ठरवण्याची प्रक्रिया बेकायदा ठरवली. बॉनमधल्या नियामक संस्थेने स्वतंत्रपणे निर्णय घ्यायचा होता, त्यावर मंत्रालयाचा प्रभाव पडला, हे त्यातलं एक कळीचं कारण होतं. आता आपल्याकडे बघा. विद्युत कायदा 2003 चं कलम 108 राज्य सरकारला वीज नियामक आयोगाला धोरणात्मक निर्देश देण्याची मुभा देतं. धोरण कुठे संपतं आणि दबाव कुठे सुरू होतो, हे महाराष्ट्राच्या आयोगाचे आदेश ओळीने वाचून तपासता येईल.

कोलोनच्या विद्यापीठात 1930 ते 1933 या काळात हान्स केल्सन शिकवत होते. विधिशास्त्राच्या पेपरसाठी केल्सन वाचलेले विद्यार्थी महाराष्ट्रात हजारो असतील, पण त्यांची नोकरी कशी गेली हे क्वचितच सांगितलं जातं. 7 एप्रिल 1933 रोजी नाझी सरकारने नोकरशाहीच्या ‘पुनर्स्थापने’चा कायदा आणला आणि काही दिवसांतच ज्यू कुळातल्या केल्सन यांना पदावरून दूर केलं गेलं. विधी शाखेतल्या सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी अर्ज केला. त्यावर एकट्या कार्ल श्मिट यांनी सही केली नाही. आपल्याकडे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 311 नुसार सरकारी नोकराला म्हणणं मांडण्याची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, पण चौकशी व्यवहार्य नसल्याचं कारण लेखी नोंदवलं की ती टाळता येते. 1985 च्या तुलसीराम पटेल निकालाने हा अपवाद उचलून धरला. लेखी नोंदवलेली ती कारणं प्रत्यक्षात कशी असतात? दोन ओळींची, की पुराव्यानिशी? उच्च न्यायालयाच्या निकालांत ती उद्धृत केलेली सापडतात, त्यामुळे हा विषय ग्रंथालयात बसूनही होण्यासारखा आहे.

न्यायालयाचं दार बंद करणारी कलमं आपल्याही कायद्यांत आहेत. 1948 च्या कूळ कायद्याचं कलम 85 दिवाणी न्यायालयाला मज्जाव करतं, 1971 च्या झोपडपट्टी कायद्याचं कलम 42 तेच करतं. आपल्याकडे उच्च न्यायालयाचं दार अनुच्छेद 226 मुळे उघडं राहतं, हा गेस्टापो कायद्यापेक्षा मूलभूत फरक आहे. धुलाभाई प्रकरणात 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मज्जावाच्या मर्यादाही आखून दिल्या. तरी अक्कलकुव्याच्या शेतकऱ्याला मुंबई-औरंगाबादचं ते दार किती उघडं आहे, हे कोणीतरी जाऊन विचारायला हवं.

कामाची सुरुवात अवघड नाही. कोलोनच्या न्यायालयाचे निकाल नावं वगळून राज्याच्या मोफत संकेतस्थळावर वाचायला मिळतात. आपल्याकडे तहसील कचेरीतले आदेश माहितीच्या अधिकारात मागावे लागतील. एका वर्षातले शंभर आदेश घ्यावेत आणि प्रत्येकाखाली तीनच गोष्टी पाहाव्यात: कारण दिलं आहे का, अपील कोणाकडे करायचं ते लिहिलं आहे का, आणि किती दिवसांत. कचेरीने माहिती नाकारली, तर ते नकाराचं पत्रही जपून ठेवावं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7(8) नुसार नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील अशा पत्रात असायलाच हवा. तो आहे की नाही, ही प्रबंधाच्या तक्त्यातली पहिली नोंद.