फाईल गावात, पेशंट फडात

दिवाळीच्या आसपास बीडमधल्या वाड्यावस्त्या रिकाम्या होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेले असे हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. भांडीकुंडी ट्रॅक्टरमध्ये चढतात, केसपेपर आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट घरातल्या पेटीतच राहतात.

अशा फिरत्या माणसांसाठी डिजिटल आरोग्य नोंद ही अजब चीज आहे, कारण ती स्वतः जागची हलतच नाही! २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये ज्याला हवा त्याला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. पण म्हणून दिल्लीत सगळ्यांच्या फायलींचा ढीग रचलेला नाही. समजा, एखादीवर अंबाजोगाईत उपचार झाले. नोंद त्या रुग्णालयाकडेच राहते, यंत्रणेला फक्त ती कुठे आहे हे ठाऊक असते. बेळगावच्या डॉक्टरने मागितली की बाईच्या मोबाइलवर विचारणा येते: कोणते कागद, कशासाठी, किती दिवस? तिने होकार दिला तरच ते दिसतात, आणि दिलेला होकार तिला मागेही घेता येतो. बेळगावच्या डॉक्टरला मराठी येत नसेल तरी बिघडत नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेला ‘स्नोमेड’ या जागतिक कोशात २३६८८६००२ हा क्रमांक आहे, तो कोश वापरणारा कुठलाही संगणक तो ओळखतो.

ही शस्त्रक्रिया उदाहरणाला उगाच घेतलेली नाही. बीडच्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ जणींची ‘पिशवी काढली’, असे २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले गेले. मग पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे शंभरात जवळपास सतरा; १५ ते ४९ वयाच्या बायकांत देशाचे प्रमाण मात्र शंभरात तीनच्या आसपास होते. एकेका दवाखान्याच्या कपाटात एकेक फाईल नीटनेटकीच दिसत असणार. नावे झाकून या नोंदी एकत्र मोजता आल्या असत्या, तर कोणत्या तालुक्यात आणि कोणत्या वयात आकडा चढतोय, हे दारोदार विचारत फिरण्याआधीच दिसले असते.

अर्थात, शस्त्रक्रिया गरजेची होती का, हे संगणक विचारत नाही. कॅन्सरची भीती घालून काढलेली पिशवीही तो तितक्याच शिस्तीने नोंदवतो. त्यातून तो बंद पडला तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर ठप्प झाले, तेव्हा तिथेही कागद-पेनावर काम चालवावे लागले.

मला खरी काळजी त्या मोबाइलची वाटते. घरात फोन एकच असेल तर तो बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि होकाराचा ओटीपीही तिथेच वाजतो. बाई गरोदर आहे हे फडाजवळच्या डॉक्टरला कळायलाच हवे. मुकादमाला मुळीच नको. शिवाय एका दवाखान्यात माहेरचे नाव लागले, दुसऱ्यात सासरचे, आणि आभा कुठेच जोडला नाही, तर संगणकाच्या लेखी त्या दोन बाया: एकीला रक्तदाब, दुसरी ठणठणीत.