ऑक्सफर्डचें शरत्सत्र

पाऊस ओसरून शेतांत कापणीची लगबग सुरू होते, दसऱ्याचें सोनें लुटलें जातें, आणि आमच्या शाळेचें पहिलें सत्र परीक्षेच्या धांदलींत संपावयास येतें. नेमक्या त्याच सुमारास इंग्लंडांतील ऑक्सफर्ड विश्वविद्यालयाचें वर्ष आरंभ पावतें. आपण पुस्तकें मिटून दिवाळीच्या सुट्टीचे दिवस मोजीत असतों, तों तेथील विद्यार्थी पेट्या उघडून नवीं पुस्तकें फळीवर मांडीत असतो. येत्या शरदृतूंत त्या नगरींत काय काय घडावयाचें आहे, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे. तिकडे जाण्याची उमेद बाळगणारा एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी हल्लीं प्रत्येक वर्गांत असतेच. आणि ज्यांस जावयाचें नाहीं, त्यांसहि या सत्राची एक हकीकत ऐकण्यासारखी आहे, कारण तिचें एक टोंक आपल्या नाशिकांत आहे.

या सत्रास तेथें ‘मिकलमस’ असें म्हणतात. पवित्र शास्त्रांत ज्याचें नांव आढळतें तो आद्यदेवदूत मीखाएल. त्याचा सण २९ सप्टेंबर रोजीं येतो, व त्यावरून सत्रास हें नांव मिळालें. (आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा याच सणाच्या दिवशीं, सन १८८३ मध्यें, ऑक्सफर्डपासून फारशा दूर नसलेल्या वाँटेज या गांवीं झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल.) वर्षाचीं दुसरीं दोन सत्रें हिलरी व ट्रिनिटी या नांवांनीं ओळखलीं जातात. कागदोपत्रीं मिकलमस सत्र १ ऑक्टोबरपासून १७ डिसेंबरपर्यंत चालतें. परंतु खरें अध्यापन त्यांतल्या आठच आठवड्यांत होतें. हे आठ आठवडे ऑक्टोबरच्या पूर्वार्धांतील एका रविवारीं सुरू होऊन डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत एका शनिवारीं संपतात. तेथील माणसें या काळांत तारखेपेक्षां आठवड्याच्या क्रमांकानेंच अधिक बोलतात. ‘तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारीं भेटूं’ असें म्हटलें कीं पुरे. सत्रापूर्वींच्या आठवड्यास तर ते ‘शून्यावा आठवडा’ म्हणतात, आणि नवीन विद्यार्थी येतात ते याच शून्याव्या आठवड्यांत.

हा आठवडा मोठ्या गडबडीचा असतो. विश्वविद्यालय म्हणजे एक मोठी इमारत, अशी जी आपली समजूत असते, ती तेथें पहिल्याच दिवशीं मोडते. ऑक्सफर्डमध्यें लहानमोठीं चाळिसाच्या आसपास महाविद्यालयें आहेत. प्रत्येकाचें स्वतंत्र आवार, भोजनगृह व ग्रंथालय, आणि बहुतेकांचें स्वतंत्र प्रार्थनामंदिरहि. विद्यार्थी राहतो, जेवतो व बहुधा शिकतो तो आपल्या महाविद्यालयांत. परीक्षा घेतें व पदवी देतें तें विश्वविद्यालय. नवागतांकरितां याच दिवसांत मंडळांची एक जत्रा भरते. गायन, नाटक, वक्तृत्व, गिर्यारोहण, बुद्धिबळ, प्रार्थनामंडळें, निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांचीं मंडळें, अशीं शेंकडों मंडळें आपापलीं टेबलें मांडून नव्या माणसास आंत ओढूं पाहतात. पंढरपूरच्या वारींत नवखा माणूस जसा गोंधळून जातो, तसा तो येथें गोंधळतो, आणि दहा ठिकाणीं नांव देऊन शेवटीं दोन ठिकाणीं जातो.

बॉडलियन हें तेथील प्रसिद्ध ग्रंथालय सन १६०२ मध्यें उघडलें. त्याचा वाचक होण्यापूर्वीं प्रत्येकास एक प्रतिज्ञा करावी लागते. पुस्तकांवर खूण करणार नाहीं, इमारतींत अग्नि आणणार नाहीं व पेटविणार नाहीं, असा तिचा आशय असतो. ही प्रतिज्ञा म्हणतांना पुष्कळांस हंसूं येतें. आम्हांस तें येत नाहीं. ज्या ग्रंथालयानें चारशें वर्षांहून अधिक काळ पुस्तकें सांभाळलीं, त्यास अग्नीची भीति किती खरी असेल, याची कल्पना करावी.

आतां या सत्रांतील मुख्य प्रसंगाकडे वळूं. पहिल्या आठवड्याच्या शनिवारीं ‘मॅट्रिक्युलेशन’ होतें. हा शब्द आपल्या घरांत नवा नाहीं. मुंबई विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेस एके काळीं हेंच नांव होतें, आणि अजून एखादे आजोबा नातू दहावी पास झाल्यास ‘मॅट्रिक झाला’ म्हणून पेढे वांटतात. परंतु मूळ अर्थ परीक्षा असा नाहीं. लॅटिन भाषेंत ‘मात्रिकुला’ म्हणजे नोंदवही. तींत नांव चढविणें म्हणजे मॅट्रिक्युलेशन. ऑक्सफर्डमध्यें तो मूळ अर्थ टिकून आहे. त्या दिवशीं काळा पोषाख, पांढरा सदरा, त्यावर काळा झगा व हातांत चौकोनी टोपी अशा वेषांत नव्या विद्यार्थ्यांच्या रांगा आपापल्या महाविद्यालयांतून निघतात आणि शेल्डोनियन या सभागृहाकडे चालूं लागतात. ही वास्तु सर क्रिस्टोफर रेन यांनीं सन १६६४ ते १६६९ या काळांत उभारली. रस्त्यांतील प्रवासी थांबून पाहतात, छायाचित्रें घेतात. आंत गेल्यावर कुलगुरु थोड्याशा लॅटिन शब्दांत असें सांगतात कीं, आज तुमचीं नांवें विश्वविद्यालयाच्या नोंदवहींत दाखल झालीं आहेत व येथून पुढें येथील नियम तुम्हांस बंधनकारक आहेत. मग थोडें भाषण इंग्रजींत होतें. सगळा विधि पाव तासाच्या आंतबाहेर आटोपतो, आणि पुढचा जथा दाराशीं उभा असतोच; कारण पदवीपूर्व वर्गांतच दरवर्षीं तीन हजारांहून अधिक विद्यार्थी येतात.

पाव तासाकरितां एवढा थाटमाट कशाला, असें आम्हांस पूर्वीं वाटे. विद्यार्थ्यांस मात्र तसें वाटत नसावें. सन २०१५ मध्यें परीक्षेच्या वेळीं हा पोषाख सक्तीचा असावा कीं नाहीं, असा प्रश्न त्यांस विचारला गेला, तेव्हां मत देणाऱ्यांपैकीं चारांत सुमारें तिघांनीं तो असावा असेंच सांगितलें. आमचें मत मात्र बदललें तें दुसऱ्या कारणानें. या नोंदवहींत कोणाचें नांव चढूं शकत नव्हतें, याचा इतिहास वाचल्यावर तें बदललें.

सन १५८१ पासून ऑक्सफर्डमध्यें नांव दाखल करतेवेळीं इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या एकोणचाळीस धर्मकलमांवर सही करावी लागे. सही न करणारा कितीहि बुद्धिमान असो, त्यास दार बंद. रोमन कॅथोलिक, बाप्तिस्त, यहुदी, हे सर्व त्यामुळें बाहेर राहिले. मग हिंदु व मुसलमान यांची गोष्ट दूरच. ज्या विल्यम केरीसाहेबांनीं सन १८०५ मध्यें श्रीरामपुरास मराठीचें व्याकरण छापलें, ते बाप्तिस्त होते. तेव्हां त्यांच्यासारख्या भाषापंडितासहि ऑक्सफर्डची नोंदवही उघडली नसती. सन १८५४ मध्यें प्रवेशाच्या वेळची ही अट गेली, आणि सन १८७१ च्या कायद्यानें धर्मशास्त्राखेरीज इतर पदव्या व अध्यापकांच्या जागाहि सर्वांस मोकळ्या झाल्या. पुरुषांचें दार अशा रीतीनें उघडलें. स्त्रियांचें उघडावयास आणखी सुमारें पन्नास वर्षें लागलीं.

येथें नाशिकची हकीकत येते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं नाशिक येथें झाला. त्यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी धर्मांतून ख्रिस्ती झालेले मिशनरी. आई फ्रान्सिना यांनीं पुण्यास व्हिक्टोरिया हायस्कूल काढलें. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकल्या व मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. त्यांच्या गुणांवर इंग्लंडांत शिकावयास जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांस मिळावयास हवी होती. स्त्री म्हणून ती नाकारली गेली. तेव्हां इंग्लंडांतील कांहीं सज्जनांनीं वर्गणी जमविली, तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईहि होत्या, आणि सन १८८९ मध्यें कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्यें दाखल झाल्या. त्या कायदा शिकूं लागल्या. तेथें कायद्याचा अभ्यास करणारी ही पहिलीच स्त्री होय. सन १८९२ मध्यें खास ठराव होऊन त्यांस दिवाणी कायद्याच्या पदवीपरीक्षेस बसूं देण्यांत आलें, व त्या उत्तीर्ण झाल्या.

उत्तीर्ण झाल्या, परंतु पदवी मिळाली नाहीं. स्त्रिया व्याख्यानांस बसत, निबंध लिहीत, परीक्षा देत. मात्र विश्वविद्यालयाच्या सभासद म्हणून त्यांचीं नांवें दाखल होत नसत, आणि जें नांव दाखल नाहीं त्यास पदवी देतां येत नाहीं. कॉर्नेलियाबाई रिकाम्या हातानें स्वदेशीं परतल्या. पुढें संस्थानांतील व जमीनदारांच्या घरांतील पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे तंटे सोडविण्यांत त्यांचीं अनेक वर्षें गेलीं. कायदा त्यांस येत होता. वकील म्हणून कोर्टांत उभें राहण्याचा अधिकार नव्हता. अखेर सन १९२० च्या ऑक्टोबरांत, मिकलमस सत्राच्याच आरंभीं, ऑक्सफर्डनें नियम बदलला. ७ ऑक्टोबर रोजीं स्त्रिया सभासद होण्यास पात्र ठरल्या, आणि १४ ऑक्टोबर रोजीं शेल्डोनियनमध्यें पहिल्या स्त्रियांस पदव्या मिळाल्या. त्यांत कित्येकींचा अभ्यास फार वर्षांपूर्वीं पुरा झालेला होता. कॉर्नेलियाबाईंनीं आपली पदवी सन १९२२ मध्यें घेतली. परीक्षा होऊन तीस वर्षें लोटलीं होतीं, वय पंचावन्न. केंब्रिजनें तर स्त्रियांस पूर्ण पदवी सन १९४८ मध्यें दिली, हें येथेंच नमूद करून ठेवतों. म्हणून पहिल्या आठवड्याच्या त्या शनिवारीं आपल्याकडील एखादी मुलगी काळा झगा घालून त्या रांगेंत उभी राहते, तेव्हां तिच्या त्या पाव तासास आम्ही पोकळ थाट म्हणूं शकत नाहीं.

यानंतर खरा अभ्यास लागतो. व्याख्यानें असतातच, परंतु तेथील शिक्षणाचा कणा म्हणजे ‘ट्यूटोरियल’. आठवड्यांतून एकदां किंवा दोनदां एकटा विद्यार्थी, फार तर दोघे-तिघे, अध्यापकांच्या खोलींत बसतात. नेमून दिलेल्या विषयावर निबंध लिहून आणलेला असतो. अध्यापक त्यांतील एकेक विधान उचलून ‘हें कशावरून?’ असें विचारतात. पाठ करून आणलेलें येथें दोन मिनिटेंहि टिकत नाहीं. मागच्या बांकावर लपण्याची सोय नाहीं, कारण बांकच नाहीं. आपल्याकडे चांगले गुण मिळवून गेलेल्या विद्यार्थ्यांस पहिले कांहीं आठवडे हेंच जड जातें. त्यांत ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारीं घड्याळें एक तास मागें घेतात, दिवस झपाट्यानें लहान होतो, आणि डिसेंबरांत चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. पांचव्या आठवड्यांत मनास येणाऱ्या उदासीनतेस तेथें स्वतंत्र नांवच पडलें आहे. घरची आठवण येणें हा कांहीं आपल्याच मुलांचा दुबळेपणा नव्हे, एवढें जाणाऱ्यानें लक्षांत ठेवावें.

मन रमविण्यास साधनें मात्र पुष्कळ. सन १८२३ मध्यें स्थापन झालेल्या ऑक्सफर्ड युनियनमध्यें गुरुवारीं रात्रीं वादविवाद होतात. मुंबईचे दोसाभाई फ्रामजी कराका हे सन १९३४ मध्यें तिचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. स्त्रियांस मात्र तेथें सभासदत्व मिळावयास सन १९६३ उजाडलें. ५ नोव्हेंबरच्या सुमारास शहरांत आतषबाजी होते, आणि दिवाळीहि याच सत्रांत येत असल्यामुळें आपल्या विद्यार्थ्यांस दोनदां दारूकाम पाहावयास मिळतें. टेम्स नदीस या गांवीं आयसिस म्हणतात. पहाटे धुकें असतां नवशिके नाविक तीवर वल्हीं मारण्यास शिकतात, व सातव्या आठवड्यांत त्यांची शर्यत असते. परंतु पावसानें नदी फुगली तर ती रद्द होते, आणि असें अनेकदां झालें आहे. क्राइस्ट चर्च महाविद्यालयाची ‘ग्रेट टॉम’ ही मोठी घंटा रोज रात्रीं नऊ वाजून पांच मिनिटांनीं एकशें एक ठोके देते. ऑक्सफर्डची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पांच मिनिटें मागें होती, तिला ती घंटा अजून धरून आहे.

सत्र डिसेंबरच्या आरंभींच संपत असल्यामुळें खऱ्या नाताळास विद्यार्थी तेथें नसतात. म्हणून ते आठव्या आठवड्यांतच नाताळ उरकून घेतात व त्यास गमतीनें ‘ऑक्समस’ म्हणतात. महाविद्यालयांच्या प्रार्थनामंदिरांत मेणबत्त्यांच्या उजेडांत आगमनकालाचीं व नाताळचीं गीतें होतात. तीं ऐकण्यास गांवचे लोकहि येतात. मग पेट्या पुन्हां भरल्या जातात.

पुढील वर्षी प्रवेश घेऊं इच्छिणाऱ्यांचा हंगामहि हाच आहे. पदवीपूर्व वर्गाचा अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, तेथील सायंकाळीं सहाच्या आंत, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणें रात्रीं साडेदहापर्यंत पोंचावा लागतो. तेव्हां शेवटच्या दिवसावर अवलंबून राहूं नये. निवडलेल्यांच्या मुलाखती डिसेंबरांत होतात. सन २०२० पासून त्या संगणकावरून घेतल्या जातात, त्यामुळें मुलाखतीसाठीं समुद्रापार जाण्याचें कारण उरलेलें नाहीं. त्या वेळीं तेथें सकाळचे दहा वाजले, कीं आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात.