दोन जोडण्या, पहारा मात्र दोन्हींवर हवा

जानेवारी २००८ च्या अखेरीस भूमध्य समुद्रातील दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. एकाच मार्गावर विसंबून राहणे किती महागात पडते, हे त्या घटनेने दाखवून दिले. शहरातल्या रस्त्यांच्या खोदकामात केबल तुटणे तर नेहमीचेच. त्यामुळे अनेक कार्यालये दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतात आणि त्यांच्यामध्ये ‘लिंक बॅलन्सर’ हे उपकरण बसवतात. मात्र ते बसवले की काम संपले, असे नव्हे.

हे उपकरण संगणकांकडून येणाऱ्या मागण्या दोन्ही जोडण्यांवर वाटून देते. एक जोडणी १०० आणि दुसरी ५० एमबीपीएसची असेल, तर वाटपाचे प्रमाण २:१ ठेवावे. यामुळे एखादी फाईल दुप्पट वेगाने उतरेल, अशी अपेक्षा मात्र करू नये. एक मागणी सहसा एकाच मार्गाने जाते. लाभ होतो तो अनेक जण एकाच वेळी काम करत असताना.

दोन्ही कंपन्यांचे मोडेम १९२.१६८.१ या एकाच पत्त्याच्या मालिकेत असतील, तर उपकरणाचा गोंधळ उडतो. म्हणून दोन्ही जोडण्या आणि कार्यालयातील जाळे यांना वेगवेगळ्या मालिका द्याव्यात. बँकेच्या संकेतस्थळावर व्यवहार चालू असताना मार्ग बदलला, तर पत्ताही बदलतो आणि बँक ग्राहकाला बाहेर काढू शकते. अशा व्यवहारांसाठी एकच मार्ग कायम ठेवण्याची सोय सुरू करावी.

जोडणी जिवंत आहे की नाही, हे उपकरण ठरावीक पत्त्याला हाक देऊन पडताळते. हा पत्ता कंपनीच्या जवळच्या राऊटरचा असेल, तर पुढची केबल तुटूनही उत्तर येत राहते आणि उपकरणाला बिघाड कळतच नाही. त्यामुळे कंपनीच्या जाळ्याबाहेरचे किमान दोन पत्ते द्यावेत.

सर्वांत मोठा धोका फायरवॉलमध्ये असतो. पहिल्या जोडणीसाठी नियम काटेकोरपणे लिहिले जातात. दुसरी नंतर येते आणि तिच्यासाठी नियम करायचे राहून जातात. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार उघडे, अशी ही अवस्था. बहुतेक उपकरणे नियम वरून खाली वाचतात आणि जो नियम आधी लागू पडेल तोच पाळतात. म्हणून आवश्यक तेवढ्याच परवानग्या वर लिहाव्यात आणि शेवटी बाहेरून येणारे बाकी सर्व नाकारणारा नियम ठेवावा, तोही दोन्ही जोडण्यांसाठी. उपकरणाचे नियंत्रण-पान केवळ कार्यालयाच्या आतून उघडावे आणि मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

शेवटी दोन्ही केबल आळीपाळीने काढून काम चालू राहते का, हे पाहावे. प्रत्येक जोडणीच्या पत्त्यावर बाहेरून कोणते पोर्ट उघडे दिसतात, हेही तपासावे. ही मांडणी चालते याची खात्री पटल्यावर तिची प्रत जपून ठेवावी.