पायाखालची वीज

झाशीच्या रेल्वेमार्गाच्या सान्निध्यात नगरा नावाची वस्ती आहे. रुळांचा खडखडाट आणि वाघिणी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याचा शेजार यांची या भागाला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. वैशाख-ज्येष्ठात बुंदेलखंडावर लू वाहू लागली म्हणजे येथील हवेतला ओलावा जणू शोषून घेतला जातो. अशा कोरड्या दिवसांत प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या लोखंडी कडीला हात लावावा, तो बोटाला चटका बसतो. क्षणभर दचकून माणूस पुन्हा कामाला लागतो. घरात ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी असते. परंतु हाच चटका एखाद्या कारखान्यात बसला, तर तो हसण्यावारी नेता येत नाही.

दोन भिन्न पदार्थ एकमेकांना लागून विलग झाले की एकावरचे काही विद्युत्कण दुसऱ्यावर जातात. चपलेचा तळवा आणि जमीन यांच्यात प्रत्येक पावलागणिक हेच घडत असते. हवा दमट असली, तर वस्तूंवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि साचलेला भार त्यावाटे निघून जातो. हवा कोरडी असली आणि पायाखालची जमीन वीज वाहून न नेणारी असली, तर हा भार माणसाच्या अंगावर साठत राहतो. चालणाऱ्या माणसाच्या शरीरावर अशा रीतीने काही हजार व्होल्टचा दाब सहज निर्माण होतो. म्हणूनच श्रावणात बिनधोक वाटणारी फरशी ज्येष्ठात धोक्याची ठरू शकते.

हजारो व्होल्ट हा आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यामागील ऊर्जा फार थोडी असते, आणि म्हणूनच माणूस दगावत नाही. चटका जाणवू लागतो तो साधारणपणे 3,000 व्होल्टच्या आसपास. त्या वेळी अंगावर साठलेली ऊर्जा एका मिलिजूलपेक्षाही कमी असते. मात्र पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल, तर ती पेटण्यास सुमारे पाव मिलिजूल ऊर्जा पुरते. हायड्रोजन वायूला तर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी लागते. इलेक्ट्रॉनिक यंत्रांतील काही नाजूक भाग शंभर व्होल्टच्या आतच निकामी होतात. त्यातही वाईट असे की, काही वेळा ते तत्काळ बंद न पडता अधू होतात आणि पुढे केव्हातरी, ऐन कामाच्या वेळी, दगा देतात. म्हणजे ज्या ठिणगीची माणसाला जाणीवही होत नाही, ती यंत्राला मारक ठरते.

जुन्या काळी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. शेणाने सारवलेल्या जमिनीत थोडा ओलावा टिकून राही आणि अनवाणी पावलांतून अंगावरचा भार मुकाट्याने मातीत उतरे. तरीही दारूचे कारखाने ठिणगीच्या भयातून कधीच मुक्त नव्हते. ठिणगी कोठूनही येवो, दारूपुढे तिचा परिणाम एकच. 1858 च्या वेढ्यात झाशीत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात, शत्रूचा गोळा दारू तयार करण्याच्या जागी पडून ओढवलेल्या अनर्थाचा वृत्तान्त दिला आहे. तेथे आग बाहेरून आली. आधुनिक कारखान्यात ती कामगाराच्या पावलांबरोबर नकळत आत येऊ शकते, एवढाच फरक.

हा धोका इस्पितळांनीही अनुभवला. ईथर आणि सायक्लोप्रोपेन ही ज्वालाग्राही द्रव्ये भूल देण्यासाठी वापरली जात, तेव्हा शस्त्रक्रियागृहात ठिणगीमुळे स्फोट होत. म्हणून तेथील फरशी वीज वाहून नेणारी असावी आणि वैद्य व परिचारिकांची पादत्राणेही त्याच जातीची असावीत, असा दंडक पडला. 1956 पासून न पेटणारे हॅलोथेन वापरात आले आणि शस्त्रक्रियागृहातील हे भय हळूहळू ओसरले. कारखान्यांतील भय मात्र ओसरले नाही, उलट वाढले. कारण कारखान्यांच्या जमिनीच बदलल्या.

हा बदल घडवला इपॉक्सी या राळेने. स्विस रसायनज्ञ पिएर कास्तां यांनी 1930 नंतरच्या दशकात तिच्यावर काम केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती बाजारात आली. राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य एकत्र केले की दोहोंचा रासायनिक संयोग होऊन एकसंध, गुळगुळीत व कठीण थर तयार होतो. त्यात सांधे नसतात, धूळ बसत नाही, तेल मुरत नाही. एवढ्या गुणांत दोष एकच, की ही राळ विजेला वाटच देत नाही. अशा जमिनीवर अंगावरचा भार निघून जाण्यास काही मिनिटे लागू शकतात, आणि तेवढ्यात माणूस आणखी कित्येक पावले टाकून नवा भार गोळा करतो.

यावरील उपाय म्हणजे राळेत वीज वाहून नेणारे काही मिसळणे. ते ‘काही’ म्हणजे बहुधा कार्बन. आपल्या दिव्यावर धरणाऱ्या काजळीचेच शुद्ध रूप, अथवा कार्बनचे केसाहून बारीक तंतू. प्रथम काँक्रीट घासून स्वच्छ व पूर्ण कोरडे करतात, कारण आत ओल राहिली तर वरचा थर पुढे सुटून येतो. त्यावर प्रायमरचा हात देतात. मग तांब्याच्या पातळ पट्ट्या चौकटी पाडून चिकटवतात आणि त्यांची टोके इमारतीच्या अर्थिंगला जोडतात. त्यावर कार्बनयुक्त काळा थर, आणि शेवटी सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा वरचा थर. अंगावरचा भार तळव्यातून वरच्या थरात, तेथून काळ्या थरात, मग तांब्यात आणि अखेर भूमीत जातो.

जमीन लोखंडासारखी सुवाहक का करू नये, असा प्रश्न येथे साहजिक आहे. तसे केले आणि चुकून 230 व्होल्टच्या तारेला हात लागला, तर प्राणघातक प्रवाह शरीरातून जाईल. म्हणून मध्यम मार्ग पत्करावा लागतो. इलेक्ट्रॉनिक कामासाठी सामान्यतः दहा लाख ते शंभर कोटी ओहम एवढा रोध योग्य मानतात. शंभर कोटी ओहमला अंगावरचा भार सेकंदाच्या आत उतरतो. दहा लाख ओहमला घरगुती विजेचा प्रवाह एक मिलिअँपिअरच्या चौथ्या हिश्शाहून कमी राहतो. स्फोटकांच्या जागी जमीन याहून अधिक सुवाहक ठेवतात आणि विजेच्या उघड्या तारांची तेथे वेगळी काळजी घेतात.

एवढे करूनही जमीन एकटी पुरेशी नसते. कामगाराच्या बुटाचा तळवा साध्या रबराचा असला, तर तांब्याच्या पट्ट्या व्यर्थ होत. सफाई करणाऱ्याने चकाकीसाठी मेणाचा हात फिरवला, तर त्या पातळ पापुद्र्याने सारा खर्च पाण्यात जातो. म्हणून रोध मोजण्याचे काम ठरावीक मुदतीने करावयाचे असते, आणि ते पावसाळ्यात नव्हे, तर हवा अत्यंत कोरडी असताना. श्रावणातील मोजणी मनाला दिलासा देते. परीक्षा पाहतो तो ज्येष्ठ.

झाशीच्या परिसरात या शास्त्राला आता विशेष महत्त्व आले आहे. उत्तर प्रदेशाच्या संरक्षण-उद्योग पट्ट्याचे झाशी हे एक केंद्र असून, 19 नोव्हेंबर 2021 रोजी रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांची प्रणोदन-यंत्रणा बनविणाऱ्या भारत डायनॅमिक्सच्या सुमारे 400 कोटी रुपयांच्या प्रकल्पाची पायाभरणी येथे झाली. अशा उद्योगात प्रणोदक हाताळणाऱ्या कामगाराचे प्राण त्याच्या पायाखालच्या दोन मिलिमीटर थरावरही अवलंबून असतात. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी वावरणाऱ्या माणसाचा भूमीशी जो संबंध आपोआप जुळत असे, तो राळेच्या जमिनीवर बूट घालून उभ्या राहणाऱ्या कामगारासाठी तांबे आणि काजळी यांच्या साहाय्याने पुन्हा जोडावा लागतो, आणि तो तुटलेला नाही ना, हे दर उन्हाळ्यात तपासून पाहावे लागते.