उतारवयातलं पोट : जुलाब थांबवण्याआधी

इसबगोलचा विषय या आठवड्यात राहू द्या. सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर लांबवणं मला पटत नाही.

त्यांच्या आईंचं वय ८१. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या अंथरुणावरच आहेत, दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू आहे. आठवडाभर संडासला झालं नाही आणि मग एकदम पातळ सुरू झालं. थोडं थोडं, दिवसातून कितीतरी वेळा, कपड्यांतच. त्यांना कळतही नाही. ‘बद्धकोष्ठ सुटलं म्हणायचं, आता जुलाब थांबवायला लोपेरामाइड देऊ का?’ असं ते विचारतात.

देऊ नका. आधी आईंना डॉक्टरांना दाखवा. हे जुलाब नसून आत मलाचा खडा अडकला असण्याची दाट शक्यता आहे. मल गुदाशयात कित्येक दिवस पडून राहिला की त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. ओढ्यात धोंडा अडकला की पाणी कडेनं वाट काढतं, तसा वरचा पातळ मल खड्याच्या बाजूनं झिरपतो. गुदाशय ताणून ताणून ‘लागली आहे’ ही जाणीवच बोथट होते, म्हणून कपडे खराब होतात. त्यात लोपेरामाइड दिलं, तर ट्रामाडॉलनं आधीच मंदावलेलं आतडं आणखी मंदावतं.

खडा मूत्राशयावर दाबला की लघवी तुंबते. जेवण तुटतं. काही वृद्ध नुसतेच बडबडायला लागतात, माणसं ओळखत नाहीत, आणि घरच्यांना वाटतं, डोक्यात काही झालं. अशा वेळी पोटाची चौकशी कुणी करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

निदानाला बहुतेक वेळा हातमोजा घातलेलं एक बोट पुरतं. पण संकोचापायी ही तपासणी राहून जाते. रुग्ण बोलत नाही, मुलगा विचारत नाही, डॉक्टरही कधी टाळतात. ‘गुदद्वाराची तपासणी कराल का?’ असं तुम्हीच स्पष्ट विचारा. खडा वरच्या भागात असेल तर बोटाला लागत नाही. मग पोटाचा एक्स-रे काढावा लागतो.

खडा काढणं हे जाणत्या हाताचं काम. ग्लिसरीनची कांडी, एनिमा, कधी बोटानं मोकळं करणं, जोडीला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. यातलं काय, ते डॉक्टर ठरवतील. फॉस्फेटचा एनिमा दुकानातून आणून घरी देऊ नका. मूत्रपिंड अधू असेल तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायक प्रमाणात वाढू शकतं. ट्रामाडॉलचं काय करायचं, तेही त्याच भेटीत विचारा.

पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

इसबगोलविषयी पुढच्या आठवड्यात. तोवर एवढं पाळा : आत खडा असल्याची शंका असेल, तर इसबगोल देऊ नका.