अडीच तासांच्या उजेडावरचा वसंत

लंडनमध्ये वर्षातला सर्वांत लहान दिवस ७ तास ५० मिनिटांचा असतो आणि सर्वांत मोठा १६ तास ३८ मिनिटांचा. फरक जवळजवळ ९ तासांचा. नागपुरात हेच आकडे सुमारे १० तास ५१ मिनिटं आणि १३ तास २५ मिनिटं, म्हणजे फरक अवघा २ तास ३४ मिनिटांचा. विदर्भातल्या पानझडी जंगलाचा शिशिर आणि वसंत या एवढ्याशा फरकात बसवलेला आहे, आणि तरीही तो चुकत नाही. मला या जंगलातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

पाण्याचा हिशोब मांडला तर कोडं आणखी अवघड होतं. नागपूरच्या परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. फेब्रुवारीत कमाल तापमानाची सरासरी ३२ अंशांच्या आसपास असते, मार्चमध्ये ३६-३७, एप्रिलमध्ये ४० च्या वर. जमीन तडकलेली, ओढे आटलेले. नेमक्या याच काळात, पाऊस तीन महिने लांब असताना, कुसुमाला लालभडक पालवी फुटते आणि करंज आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवागार होतो. त्याआधी काटेसावर आणि पळस निष्पर्ण फांद्यांवर फुललेले असतात.

हे पाणी येतं कुठून? पानं गळाली की झाडाचा पाण्याचा मोठा खर्च थांबतो. खोलवरची मुळं जमिनीतली उरलीसुरली ओल ओढत राहतात आणि खोड पुन्हा पाण्याने भरतं. पानगळ ही झाडाची बचत आहे. तिच्याकडे मरगळ म्हणून पाहिलं की पुढचं काहीच उलगडत नाही. भांडवल जमलं की प्रश्न उरतो तो मुहूर्ताचा. अर्जेंटिना, कोस्टारिका, जावा, थायलंड इथल्या कोरड्या ऋतूच्या जंगलांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नासहून अधिक जातींची झाडं वसंतसंपाताच्या सुमारास, पाऊस नसताना पालवतात, आणि त्यांना जागं करायला दिवस ३० मिनिटांनी किंवा त्याहूनही कमी वाढणं पुरतं, असा त्याचा निष्कर्ष होता. नागपुरात २२ डिसेंबर ते २० फेब्रुवारी या काळात दिवस सुमारे ४२ मिनिटांनी मोठा होतो आणि २१ मार्चपर्यंत ७६ मिनिटांनी. कुसुमाची वागणूक या नमुन्यात चपखल बसते.

घाईचा फायदाही मोजला गेला आहे. मुदुमलाईच्या जंगलात के. एस. मुरली आणि रमण सुकुमार यांनी केलेल्या अभ्यासात (१९९३) दिसलं, की कोरड्या दिवसांत लवकर पालवणाऱ्या झाडांची पानं किडींनी बरीच कमी खाल्ली. पावसात पालवणाऱ्यांचं नुकसान जास्त झालं. किडींची फौज मृगासोबत येते, तोवर कुसुमाची पानं जून झालेली असतात.

साग मात्र उजेडाच्या या घड्याळावर चालत नाही. तो पानं टाकून बहुतेक मे-जूनपर्यंत उघडाच उभा राहतो, वळवाच्या सरींनी हलतो आणि फुलतो थेट पावसाळ्यात. एकाच टेकडीवर एक झाड उजेडाकडे बघून चालतं, दुसरं पाण्याकडे. मार्चमध्ये ताडोबाच्या रस्त्याने जाताना जंगल ठिगळाठिगळांचं दिसतं, त्यामागे हे आहे.

या तारखांवर माणसांची पोटं अवलंबून आहेत. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. तेंदूची झुडपं फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटतात, त्यानंतर साधारण ४५ दिवसांत पान विडीजोगं होतं. ७० पानांचं एक पुडकं आणि हजार पुडक्यांचं एक पोतं, म्हणजे पोत्यामागे ७० हजार पानं, हातांनी खुडलेली. गडचिरोलीत जिल्ह्याच्या दोन तृतीयांशांहून अधिक जमिनीवर जंगल आहे. तिथल्या वेचणाऱ्या बायकांना मोह यंदा लवकर की उशिरा, हे कुणी सांगावं लागत नाही. ते ज्ञान तारखेसह कागदावर उतरत नाही, एवढीच उणीव आहे, आणि ती मोठी आहे.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंताच्या २७ खुणांच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालवल्या. क्योतोच्या चेरीबहराच्या तारखा तर इ. स. ८१२ पासून सापडतात. ब्रिटनमधल्या ४०६ वनस्पतींच्या चार लाखांहून अधिक नोंदी तपासल्यावर, १९८७ नंतर पहिलं फूल पूर्वीपेक्षा सरासरी जवळपास एक महिना आधी येऊ लागल्याचं २०२२ मध्ये सिद्ध करता आलं. आपल्याकडे दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) महिन्यामहिन्याचा निसर्ग अप्रतिम टिपतं. त्याच्या जोडीला तारखांची वही हवी होती. २०१० मध्ये सुरू झालेला ‘सीझनवॉच’ हा उपक्रम ते काम करतो, पण त्यातल्या बहुतेक नोंदी केरळच्या शाळकरी मुलांच्या आहेत. पद्धत सोपी आहे: एकच झाड निवडायचं, दर आठवड्याला बघायचं, आणि कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं ‘नाहीत’, ‘एक तृतीयांशापेक्षा कमी’ की ‘जास्त’ एवढंच लिहायचं.

विदर्भात मी दोन झाडं निवडायला सांगेन, एक कुसुम आणि एक साग. हवामान कितीही बदललं तरी २१ मार्चचा दिवस नागपुरात १२ तास ७ मिनिटांचाच राहणार. म्हणून उजेडावर चालणाऱ्या कुसुमाची तारीख फारशी हलू नये. अवकाळी सरी वाढल्या तर सागाची मात्र सरकावी. हा अंदाज खरा की खोटा, हे त्याच दोन झाडांच्या वीसेक वर्षांच्या नोंदी सांगू शकतील.