पुर्नुलुलूचे पट्टेरी घुमट

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडे, किंबर्ली प्रदेशात, पुर्नुलुलू नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. बाहेरचे लोक त्याला ‘बंगल बंगल’ म्हणतात. उघड्या माळावर शेकडो डोंगर एकमेकांना खेटून उभे आहेत. आकार थेट घुमटाचा, आणि प्रत्येकाच्या अंगावर नारिंगी व काळपट आडवे पट्टे.

तिथे जायचे ठरले तेव्हा घरात चर्चा झाली ती अम्मींना न्यावे की नाही याचीच. हमरस्ता सोडल्यावर ५३ किलोमीटर कच्ची वाट. चारही चाकांना जोर असलेली उंच गाडी नसेल तर प्रवेश नाही. मधले ओढे गाडीनेच ओलांडायचे, त्यामुळे एवढ्याशा अंतराला दोन-तीन तास जातात. आत पेट्रोल नाही, किराणा नाही. अम्मींनीच निकाल दिला, “निम्मं आयुष्य कोकणातल्या एसटीत गेलंय माझं. मला काय सांगता!” मग पिण्याचे, रांधायचे आणि वुजूचे पाणी वेगवेगळे मोजून गाडीत भरले.

हे डोंगर वाळूच्या दगडाचे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू थरावर थर दबून घट्ट झाली. पुढे जमीन वर उचलली गेली आणि गेली दोनेक कोटी वर्षे पाऊस व ओढे तिला कोरत आहेत. पट्ट्यांचे कारण ओलाव्यात आहे. ज्या थरात चिकणमाती जास्त, तो ओल धरतो. तिथे सायनोबॅक्टेरिया हे सूक्ष्म जीव वाढतात आणि दगड काळपट दिसतो. जो थर लवकर सुकतो तिथे ते तगत नाहीत. त्याच्यावर लोहाचा गंज चढतो, म्हणून तो नारिंगी. गंमत म्हणजे दोन्ही रंग वरवरचे, पातळ सालीसारखे. आतला दगड पांढुरका आणि फार ठिसूळ. ती सालच डोंगराला सांभाळते. एकदा निघाली की वारा-पाऊस आतली वाळू नेऊ लागतात.

म्हणूनच घुमटांवर चढायला मनाई आहे. आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्याला हे पटेना. एवढा मोठा पहाड, माझ्या बुटांनी त्याचं काय होणार? अम्मी म्हणाल्या, “तुझ्या गुडघ्यावर खपली धरली होती, ती कुणी ओढली असती तर?” तो पायवाटेवर परत आला. ती समज मोठ्यांना असतेच असे नाही. एका कपारीत कुणीतरी नाव कोरलेले आम्ही पाहिले.

१९८३ साली एका चित्रीकरण पथकाने विमानातून हे डोंगर टिपले आणि त्यांचा ‘शोध लागला’ असे अजूनही लिहिले जाते. किजा आणि जारू लोक तिथे हजारो वर्षे राहत आले आहेत, ते कुणाला सापडायचे राहिले होते की काय! १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २००३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आले.

हेलिकॉप्टरने वरूनही पाहता येते, पण आमच्या मते पायी जाण्याची सर त्याला नाही. कॅथेड्रल गॉर्ज ही घळ जाऊन-येऊन दोनच किलोमीटर आहे. शेवटी कड्यांनी वेढलेला प्रचंड गोल दालनासारखा भाग लागतो. तिथे हलकेच बोललेलेही घुमते. अम्मी वाळूत बसल्या, अर्धा तास उठल्याच नाहीत.

पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, उद्यान बंद असते. हमरस्त्यावरच्या वॉर्मन वस्तीत इंधनाची टाकी भरून घ्यावी आणि मगच कच्च्या वाटेला वळावे.